स्तनातील गाठींची पारख

स्नानाच्या वेळी किंवा कपडे बदलताना स्तनात अचानक हाताला लागलेली गाठ ही घराघरांतून गुपचूप बाळगली जाणारी गोष्ट आहे. दातांचे दुखणे चारचौघांत सांगता येते, डोळ्यांचे सांगता येते. परंतु या गाठीची वार्ता बहुधा आईच्या कानापलीकडे जात नाही, आणि मुलगी उपवर असली तर आईच ती तेथे अडवून धरते. मग तेल चोळणे, शेक देणे, लेप लावणे हे उपाय सुरू होतात. महिना जातो, सहा महिने जातात. जिला गाठ आहे तिच्या मनात या सर्व काळात एकच शब्द घोळत असतो, आणि तो शब्द म्हणजे कर्करोग.

वस्तुस्थिती पुष्कळ वेळा निराळी असते. सुमारे पंधरा ते पस्तीस या वयात जी गोल, गुळगुळीत, न दुखणारी आणि बोटाखालून निसटणारी गाठ आढळते, ती बहुधा फायब्रोॲडिनोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते. तरुण स्त्रियांच्या स्तनात आढळणाऱ्या गाठींत तिचाच क्रमांक पहिला. परंतु हिची एक दूरची बहीण आहे. रूपाने ती हुबेहूब तशीच असू शकते, स्वभावाने मात्र नाही. तिचे नाव फायलोडीज. ती विरळा आहे. स्तनातील सर्व गाठींत तिचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक भरत नाही. तथापि या दोघींची पारख करताना वैद्यकशास्त्राला आजही जी दक्षता बाळगावी लागते, ती समजून घेतल्यावाचून तपासणीच्या कागदावरील कित्येक शब्दांचा अर्थ लागत नाही.

प्रथम स्तनाची घडण पाहावी. द्राक्षांचा घड जसा देठांना धरून असतो, तसे दूध तयार करणारे बारीक कोश दूधनलिकांना धरून असतात. कोशांना आणि नलिकांना आतून पेशींचे अस्तर असते, आणि त्यांच्या भोवती तंतुमय ऊतकाचा भराव असतो. अस्तर आणि भराव हे दोन शब्द ध्यानात ठेवले की पुढील सर्व विवेचन सोपे होते. स्तनाचा नेहमीचा कर्करोग हा अस्तराच्या पेशींत उद्भवतो. फायब्रोॲडिनोमा आणि फायलोडीज या दोन्ही गाठींत अस्तर व भराव ही जोडीनेच वाढतात, म्हणूनच या गाठींच्या कुळाच्या शास्त्रीय नावात तंतू आणि अस्तर या दोहोंचाही उल्लेख असतो. पण जोडीतील खोडकर भागीदार कोण, असे विचाराल तर उत्तर भराव हे आहे. अस्तर बिचारे मागोमाग ओढले जाते.

ही गोष्ट कळावयास पुष्कळ काळ जावा लागला. लंडनचे प्रख्यात शल्यवैद्य सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ साली स्तनांच्या रोगांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तरुण स्त्रियांत आढळणारी ही सुटी गाठ कर्करोगाहून भिन्न आहे, हे त्यांच्या नजरेने तेव्हाच टिपले होते. त्यांच्याजवळ भूल देण्याचे साधन नव्हते, रोगनिदानासाठी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग रूढ झाला नव्हता. होते ते डोळे, बोटे आणि रुग्ण वर्षानुवर्षे पाहण्याची चिकाटी. पुढे नऊ वर्षांनी, १८३८ मध्ये, बर्लिनचे योहानेस म्यूलर यांनी गाठींच्या सूक्ष्म रचनेवरील आपल्या ग्रंथात एका निराळ्या गाठीचे वर्णन केले. ती चिरल्यावर आत पोकळ्या दिसल्या आणि त्या पोकळ्यांत पानांसारखे पदर एकमेकांना चिकटून बसलेले दिसले. कोबीचा गड्डा मधोमध चिरला असता जसा दिसतो, तसाच काहीसा हा देखावा असतो. ग्रीक भाषेत पानाला फायलॉन म्हणतात, त्यावरून त्यांनी तिला सिस्टोसार्कोमा फायलोडीज असे नाव दिले.

या नावाने मोठा घोटाळा करून ठेवला. म्यूलर यांच्या काळी सार्कोमा या शब्दाचा अर्थ केवळ मांसल गाठ एवढाच होता, आणि ही गाठ सौम्य आहे अशीच त्यांची समजूत होती. पुढे सार्कोमा हा शब्द मारक गाठींसाठी राखून ठेवला गेला. नाव मात्र तेच राहिले. परिणामी कागदावर सार्कोमा हे अक्षर पाहताच रुग्णाचे, आणि कधी कधी वैद्याचेही, धैर्य गळावे अशी स्थिती झाली. सौम्य गाठीसाठी संपूर्ण स्तन काढून टाकण्याचे प्रसंगही घडले. अखेर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात फायलोडीज ट्यूमर हे साधे नाव स्वीकारले. नावातील एक शब्द गळावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. शास्त्रातही जुने नाव सोडवत नाही, ते घरातील जुन्या सामानासारखे कोपऱ्यात पडून राहते.

आता प्रत्यक्ष पारखीकडे वळावे. एकोणीस वर्षांची एक मुलगी आणि पंचेचाळीस वर्षांची एक गृहिणी अशा दोघी एकाच दिवशी तपासणीसाठी आल्या आहेत, अशी कल्पना करावी. मुलीच्या स्तनात सुपारीएवढी गाठ आहे; ती गोटीसारखी बोटाखालून सरकते; वर्षभरात तिच्या आकारात विशेष फरक नाही. गृहिणीची गाठ गेली चार वर्षे अशीच सुपारीएवढी होती, परंतु गेल्या तीन महिन्यांत ती मोसंब्याएवढी झाली. त्वचा ताणली गेली आहे, तिच्यावर निळ्या शिरा दिसू लागल्या आहेत. दुखत दोघींनाही नाही. न दुखणे हे निर्धास्त राहण्याचे कारण नव्हे, हे येथेच सांगितलेले बरे. कारण कर्करोगाची गाठही आरंभी बहुधा दुखत नाही, आणि वेदना नाही म्हणून थांबलेल्या स्त्रिया पुष्कळ.

वैद्याचे मन दोन ठिकाणी दोन निराळे अंदाज बांधते. फायब्रोॲडिनोमा तरुणपणी उद्भवते, शरीरातील स्त्री-संप्रेरकांच्या चढउताराला साथ देते, गर्भारपणी वाढू शकते आणि ऋतुनिवृत्तीनंतर आकसते. कधी तिच्यात चुना साचून ती मक्याच्या लाहीसारखी क्ष-किरण चित्रात उमटते. फायलोडीज बहुधा चाळिशीच्या आगेमागे आढळते, लवकर वाढते, आणि पुष्कळदा तीन सेंटिमीटरांपेक्षा मोठी असते. परंतु हे सर्व बहुधा आहे. विशीतल्या मुलीला फायलोडीज होऊ शकते. उलटपक्षी, वयात येणाऱ्या मुलीची फायब्रोॲडिनोमा काही महिन्यांत प्रचंड वाढून आईबापांची झोप उडवते आणि तरीही सौम्यच ठरते. म्हणून केवळ बोटांच्या अंदाजावर निकाल देण्याची पद्धत आता राहिलेली नाही.

न्यायालयात तीन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष जुळली तरच न्यायाधीश निश्चिंत होतो. स्तनाच्या गाठीसाठीही तसेच तीन साक्षीदार बोलावतात. पहिला साक्षीदार वैद्याचा हात आणि त्याने विचारलेली हकीकत. दुसरा साक्षीदार चित्र: तरुण वयात सोनोग्राफी, चाळिशीनंतर तिच्या जोडीला मॅमोग्राफी. तिसरा साक्षीदार सुई. तिघांचे म्हणणे एक आले तर निदान पक्के मानतात. एकाचेही न जुळले तर, तो एकटा पडला म्हणून त्याला गप्प बसवायचे नसते, त्याचेच म्हणणे अधिक काळजीने ऐकावयाचे असते.

सोनोग्राफीत फायब्रोॲडिनोमा लंबगोल, कडांना सफाईदार आणि उंचीपेक्षा रुंदीला अधिक अशी दिसते. फायलोडीजही पुष्कळदा अशीच दिसते. फार तर तिच्या पोटात द्रवाने भरलेल्या चिरा आढळतात आणि त्यावरून संशय बळावतो. संशय म्हणजे निदान नव्हे. चित्राला गाठीचे अंगण दिसते, घरातील माणसे दिसत नाहीत.

सुईचे दोन प्रकार आहेत, आणि या दोहोंतील फरक सुशिक्षित घरांतूनही क्वचितच माहीत असतो. बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून काचपट्टीवर पसरण्याची रीत न्यूयॉर्कचे हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली विस्ताराने प्रसिद्ध केली. ती स्वस्त आहे, जलद आहे, भारतात गावोगावी केली जाते, आणि कर्करोग आहे की नाही हे सांगण्यात तिचा उपयोग मोठा. परंतु तिच्यातून सुट्या पेशी मिळतात; त्यांची मांडणी मिळत नाही. भिंत फोडून आणलेल्या विटांवरून ते देऊळ होते की धर्मशाळा हे जसे सांगता येऊ नये, तसेच हे आहे. फायब्रोॲडिनोमा आणि फायलोडीज यांतील भेद मुख्यतः मांडणीतच दडलेला असल्यामुळे बारीक सुई येथे अनेकदा हात टेकते. जाड पोकळ सुईने, तेवढा भाग बधिर करून, ऊतकाच्या काड्या कापून घेतात. त्या शिसपेन्सिलीतील शिशासारख्या बारीक असतात, पण त्यांत अस्तर आणि भराव जागच्या जागी राहतात. सुई टोचल्याने गाठ बिघडते, पसरते, अशी समजूत सर्वत्र आहे. तिच्या भयाने तपासणी टाळण्यास काही आधार नाही.

येथून पुढचे काम एका अशा वैद्याचे, ज्याला रुग्ण बहुधा कधीच पाहत नाही. शल्यवैद्याचे नाव घरातील सर्वांना पाठ असते. काचपट्टी वाचणाऱ्याचे नाव कागदाच्या तळाशी असते आणि तेही कोणी वाचत नाही. वास्तविक १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे याच शास्त्राचे पंडित होते.

हा वैद्य काय पाहतो? फायब्रोॲडिनोमात भराव शांत असतो. त्याच्या पेशी विरळ, एकसारख्या, सर्वत्र समप्रमाणात विखुरलेल्या. अस्तराच्या नलिका त्यात कोठे गोल, कोठे दबून चिरेसारख्या झालेल्या. फायलोडीजमध्ये भरावाने दाटी केलेली असते, विशेषतः अस्तराच्या लगत. भराव पानाच्या आकाराने पोकळीत शिरतो आणि त्या पानावर अस्तराचा एक पदर चढलेला असतो. आणखी तपासण्याच्या गोष्टी अशा: पेशींची केंद्रके विद्रूप आहेत काय, गाठीची कड सरळ आहे की शेजारच्या ऊतकात घुसली आहे, आणि एखाद्या जागी भरावाने इतका कब्जा केला आहे काय की लहान भिंगाखाली सबंध वर्तुळभर अस्तर औषधालाही दिसू नये. या शेवटच्या लक्षणाला फार महत्त्व आहे.

त्यानंतर मोजणी. वाढणारी पेशी दुभंगते, आणि दुभंगताना ती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते. मोठ्या भिंगाखालील दहा वर्तुळांत अशा दुभंगणाऱ्या पेशी पाचांहून कमी असल्या तर सौम्य, पाच ते नऊ असल्या तर सीमेवरची, दहा वा अधिक असल्या तर मारक, अशी फायलोडीजची ढोबळ वाटणी आहे. अर्थात केवळ आकड्यावर नव्हे, वर सांगितलेली सर्व लक्षणे एकत्र पाहून. शिवाय वर्तुळाचा आकार प्रत्येक सूक्ष्मदर्शकात सारखा नसतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात हाच हिशेब चौरस मिलिमीटरांतही दिला आहे. शेराचे माप दुकानागणिक बदलू नये, एवढाच त्याचा हेतू. बहुसंख्य फायलोडीज गाठी सौम्य वर्गातच पडतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सर्वांत बिकट प्रसंग असतो तो सौम्य फायलोडीज आणि दाट पेशींची फायब्रोॲडिनोमा यांच्यात निवड करण्याचा. एकाच गाठीत एके ठिकाणी शांत भराव आणि दुसऱ्या ठिकाणी दाट भराव असू शकतो. सुई नेमकी शांत जागी गेली तर काडीत फायब्रोॲडिनोमा दिसेल, आणि ती काडी खोटे बोलत नसूनही अपुरे बोललेली असेल. अनुभवी वैद्यांचेही अशा काचपट्ट्यांवर एकमत होत नाही. म्हणूनच कधी कधी अहवालात केवळ एवढेच लिहून येते की गाठ तंतू-अस्तर जातीची आहे, भराव दाट आहे, संपूर्ण गाठ काढून तपासावी. हे वाचून घरची मंडळी रागावतात: पैसे घेतले आणि निदान दिले नाही! पण हा अहवाल टाळाटाळीचा नाही. हातात आलेल्या चार काड्यांतून जेवढे प्रामाणिकपणे सांगता येते तेवढे सांगून पुढचा मार्ग दाखविणारा तो अहवाल आहे. अशा काढलेल्या गाठींतील कित्येक अखेर फायब्रोॲडिनोमाच ठरतात, काही फायलोडीज निघतात.

एवढा सूक्ष्म भेद करण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर शस्त्रक्रियेच्या मेजावर आहे. तिन्ही साक्षी जुळलेली लहान फायब्रोॲडिनोमा काढण्याची मुळीच आवश्यकता नसते; सहा महिन्यांनी व पुढे ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून ती वाढत नाही एवढे पाहिले म्हणजे झाले. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला याच मार्गाने घरी पाठवितात. काढावयाचीच झाली, तर फणसाच्या गऱ्यातून आठळी निघावी तशी ती आपल्या वेष्टनातून सुटून येते. फायलोडीजलाही असेच वेष्टन असल्यासारखे दिसते, पण ते फसवे असते. तिचे बारीक कोंब त्या पातळ सीमेपलीकडे गेलेले असू शकतात. आठळीसारखी ती सोलून काढली तर कोंब मागे राहतात आणि त्याच जागी गाठ पुन्हा उगवते, कधी पहिल्याहून उग्र स्वरूपात. यासाठी ती सभोवतीच्या निरोगी ऊतकासह काढतात. पूर्वी सर्वच फायलोडीज गाठींसाठी सेंटिमीटरभर निरोगी कड सोडण्याचा दंडक होता. सौम्य प्रकारात याहून अरुंद, परंतु स्वच्छ कड पुरते, असे आता मानले जाते. सीमेवरच्या व मारक प्रकारांत मात्र रुंद कडेचा आग्रह कायम आहे.

चूक उलट बाजूनेही होऊ शकते आणि तिची किंमतही स्त्रीलाच मोजावी लागते. मारक फायलोडीज पसरली तर रक्तावाटे पसरते, मुख्यतः फुप्फुसांकडे. नेहमीच्या स्तनाच्या कर्करोगाप्रमाणे काखेतील ग्रंथींकडे ती क्वचितच जाते. काखेत गाठी लागल्या तरी त्या पुष्कळदा केवळ सुजलेल्या असतात. हे ध्यानात न घेता काखेतील सर्व ग्रंथी काढल्या, तर लाभ काही नाही आणि हाताची सूज मात्र जन्मभर पदरी पडण्याचा धोका. त्याचप्रमाणे स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरकविरोधी गोळ्यांचा येथे उपयोग नसतो; कारण त्या गोळ्या ज्या अस्तरावर काम करतात, ते येथे अपराधी नाहीच.

भराव हाच मूळ अपराधी, या तर्काला अलीकडे निराळ्या बाजूने पुरावा मिळाला. गर्भाशयातील तंतुमय गाठी, ज्यांना घरगुती भाषेत फायब्रॉइड म्हणतात, त्यांतील सुमारे ७० टक्के गाठींत एमईडी१२ नावाच्या एकाच जनुकात बिघाड असतो, असे फिनलंडमधील संशोधकांना २०११ मध्ये आढळले. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ साली ९८ फायब्रोॲडिनोमा तपासल्या, त्यांपैकी ५८ गाठींत त्याच जनुकातील तोच बिघाड सापडला, आणि तोही भरावाच्या पेशींत, अस्तराच्या नव्हे. पुढे फायलोडीजमध्येही तो पुष्कळ प्रमाणात आढळला. म्हणजे बहिणी म्हटल्या ते केवळ अलंकारिक नव्हते. फायलोडीजमध्ये याखेरीज इतर जनुकांतही बिघाड साचत जातात, टर्ट हे त्यांपैकी एक. या खुणांवरून काडीतूनच पक्के निदान करण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु रोजच्या व्यवहारात निर्णय अजून काचपट्टीवरच होतो.

त्या पंचेचाळीस वर्षांच्या गृहिणीची गाठ काढून झाली, सौम्य फायलोडीज असे ठरले, कडा स्वच्छ आल्या, असे समजावे. यापुढे तिला औषध नाही, परंतु तपासणी आहे. सौम्य प्रकारातही शंभरांतील दहा-पंधरा जणींना त्याच स्तनात गाठ पुन्हा होऊ शकते, आणि ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. म्हणून तेवढ्या काळात दर सहा महिन्यांनी दाखविणे इष्ट. जवळ बाळगावयाचा कागद बिलाचा नव्हे, सूक्ष्मदर्शक तपासणीचा. त्यात गाठीचा वर्ग, आकार आणि कडेची स्थिती या तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत की नाहीत हे तेथल्या तेथे पाहून घ्यावे, नसल्यास विचाराव्यात. गाठीचे मेणात बसविलेले तुकडे प्रयोगशाळेत काही वर्षे जपून ठेवलेले असतात. दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावयाचे झाल्यास नव्याने सुई टोचून घेण्याची गरज नसते, ते मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या अर्ज करून मागून नेता येतात.